चालत्या कर्नेलची मुखत्यारी



ज्या व्यासपीठावरून आजवर इतिहास, अर्थशास्त्र आणि काव्यशास्त्र यांवर अधिकारी वक्त्यांनी विवेचन केले, तेथून संगणकाच्या अंतर्भागातील एका अल्पपरिचित कारभाराविषयी बोलण्याची संधी मला दिल्याबद्दल मी संचालकांचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर गणित शिकवीत, आणि विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आले तरी रीत मांडल्यावाचून त्याला गुण देत नसत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यात उत्तर म्हणून बहुधा एखादा आकडाच असतो, आणि तो आकडा कोणत्या रीतीने आला हे कोणी लिहून ठेवलेले नसते. या उणिवेची मला खरोखरीच खंत वाटते, म्हणून हा विषय मी निवडला आहे.

कर्नेल म्हणजे प्रचालन प्रणालीचा गाभा. संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जो स्मृतीतून क्षणभरही हलत नाही, ज्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला प्रोसेसरचा वेळ, स्मृतीचे पान, डिस्कवरील जागा किंवा नेटवर्कवरील वाट मिळत नाही, आणि सर्व काही सुरळीत असताना ज्याचे अस्तित्व कोणाच्या ध्यानातही येत नाही, असा हा प्रोग्रॅम आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन लिनक्स नावाच्या कर्नेलवर चालतो, आणि जगातील अतिवेगवान अशा ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून त्याच कर्नेलवर चालत आले आहे. ज्याच्या अंमलाखाली फोनही येतो आणि महासंगणकही येतो, त्या कर्नेलच्या कर्त्यांपुढे एक अडचण पहिल्यापासून उभी असते. किती उघड्या फाइली चालू द्याव्यात, स्मृती संपत आली की प्रथम काय बाहेर काढावे, न लिहिलेला मजकूर डिस्कवर केव्हा उतरवावा, दाराशी आलेल्या किती जोडण्या रांगेत थांबू द्याव्यात, या प्रश्नांना सर्व यंत्रांना मानवेल असे एकच उत्तर नाही, आणि कर्त्याला तर आपले कर्नेल कोणाच्या हाती, कोणत्या यंत्रावर, कोणत्या कामासाठी जाणार हे ठाऊक नसते. असे प्रश्न त्याने मोकळे ठेवले, सर्वसाधारणपणे बरा वाटणारा एक आकडा तेथे तात्पुरता मांडला आणि तो बदलण्याची मुखत्यारी यंत्राजवळ बसलेल्या माणसाला दिली. कर्नेलची सेटिंग म्हणून आपण जिला ओळखतो ती अशी एका अनिर्णित प्रश्नाची जागा आहे, आणि तेथे आपला आकडा लिहिणाऱ्यावर प्रश्न समजून घेण्याचे व उत्तराचे कारण नोंदवण्याचे उत्तरदायित्व येते, हे माझ्या आजच्या प्रतिपादनाचे सूत्र आहे.

यंत्रणा एकाने घडवावी आणि धोरण दुसऱ्याने ठरवावे, हा विचार लिनक्सहून पुष्कळ जुना आहे. डेन्मार्कमधील रेग्नेसेंट्रालेन या संस्थेचा आरसी ४००० हा संगणक पोलंडमधील एका खत कारखान्यासाठी तयार होत असताना पेर ब्रिंक हान्सेन यांनी त्याच्यासाठी एक छोटा गाभा रचला, आणि १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, गाभ्याने केवळ मूलभूत साधने पुरवावीत, कारभाराची पद्धत वरच्या प्रोग्रॅमांनी ठरवावी, अशी भूमिका मांडली. पुढे १९७५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात हायड्रा या प्रणालीवर काम करणाऱ्या मंडळींनी हाच भेद अधिक काटेकोरपणे मांडला. तत्त्व मान्य झाले, परंतु ते अमलात आणण्याचा मार्ग मात्र दीर्घ काळ ओबडधोबडच होता. १९७५ सालीच बेल प्रयोगशाळेबाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत ‘पॅरम.एच’ नावाची एक लहानशी फाइल आहे. बफर १५, प्रक्रिया ५०, उघड्या फाइली १०० असे आकडे तिच्यात एकाखाली एक मांडले आहेत. त्या आकड्यांचे तीन वर्गही तेथेच पाडलेले आहेत: जे गरजेप्रमाणे जुळवावेत ते, जे प्राधान्यक्रमाचे असल्यामुळे फारसे बदलू नयेत ते, आणि जे मूलभूत असल्यामुळे बदलताच येणार नाहीत ते. ही फाइल वाचताना मला नेहमी असे वाटते की आपण काय जाणतो आणि काय जाणत नाही याचा इतका प्रामाणिक जमाखर्च आजच्या मोठमोठ्या प्रणालींतही क्वचित सापडेल. पण त्यांतला एक आकडा बदलायचा म्हणजे सबंध कर्नेल पुन्हा संकलित करून, यंत्रावर काम करणाऱ्या सर्वांना उठवून, यंत्र नव्याने सुरू करावे लागे.

ज्यांना इतका अवकाश नसे ते धाडसी मार्ग पत्करीत. चालत्या कर्नेलची स्मृतीच एका फाइलच्या रूपाने उघडी असे. एडीबी हा डीबगर घेऊन तज्ज्ञ मनुष्य त्या स्मृतीत नेमका पत्ता शोधी आणि तेथील आकडा हाताने बदली. पत्ता एका घराने चुकला तर यंत्र कोसळे, आणि आकडा अवास्तव पडला तरी त्याला अडवणारे कोणी नसे. या अवस्थेतून सुटका झाली ती १९९३ साली, जेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून बाहेर पडलेल्या ४.४ बीएसडी या प्रणालीने सिसकंट्रोल ही व्यवस्था आणली. तिच्यात प्रत्येक सेटिंगला नाव मिळाले, नावांचा एक वृक्ष झाला, कोणती सेटिंग कोणी वाचावी आणि कोणी लिहावी याची मर्यादा ठरली, आणि आलेला आकडा स्वीकारण्यापूर्वी त्याची छाननी करण्याची सोय कर्नेलला लाभली. लिनक्सने ही कल्पना घेतली आणि तिला दुसऱ्या एका कल्पनेची जोड दिली: टॉम किलियन यांनी युनिक्सच्या आठव्या आवृत्तीसाठी चालत्या प्रक्रिया फाइलींच्या रूपाने दाखवणारी ‘प्रॉक’ ही व्यवस्था रचून १९८४ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले होते, आणि लिनक्समध्ये त्याच ‘प्रॉक’च्या पोटात ‘सिस’ नावाचे दालन उघडून कर्नेलच्या सेटिंग्ज तेथे मांडल्या गेल्या. डिस्कवर त्या फाइलींना जागा नसते. वाचायला गेले की कर्नेल त्या क्षणीचे उत्तर तयार करून देते, आणि लिहायला गेले की लिहिलेले अक्षर हाच हुकूम समजते.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते पाहू. टर्मिनल उघडून ‘सिसकंट्रोल व्हीएम.स्वॅपिनेस’ असे लिहिले की पुढच्याच ओळीत ‘व्हीएम.स्वॅपिनेस = ६०’ असे उत्तर येते. हाच आकडा ‘कॅट /प्रॉक/सिस/व्हीएम/स्वॅपिनेस’ या आज्ञेनेही वाचता येतो. बदलायचा असेल तर ‘सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू व्हीएम.स्वॅपिनेस=१०’ असे लिहावे; त्या क्षणापासून, यंत्र बंद न करता, कोणाचेही काम न थांबवता, नवा आकडा लागू होतो. नवशिका मनुष्य पुष्कळदा ‘सुडो एको १०’ असे लिहून त्यापुढे बाणाच्या खुणेने तीच फाइल दाखवतो आणि ‘परमिशन डिनाइड’ हा नकार पाहून बुचकळ्यात पडतो. सुडो लिहून रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, अधिकार तर मागितला होता, मग नकार कसा? सुडोने दिलेला अधिकार एको या आज्ञेपुरता होता. फाइल उघडण्याचे काम आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलने त्यापूर्वीच, साध्या वापरकर्त्याच्या हैसियतीने, हाती घेतले होते, आणि कर्नेलने त्या शेलला दारातच अडवले. म्हणून जाणते लोक एकोचे उत्पादन पाइपने ‘सुडो टी’ या आज्ञेकडे सोपवतात, म्हणजे फाइल उघडणाऱ्याच्याच हाती परवाना असतो. कोण बोलतो आहे आणि कोणत्या अधिकाराने बोलतो आहे हे कर्नेल प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे पाहते, आणि अधिकार एकाचा व कृती दुसऱ्याची असा घोळ त्याच्या दरबारी खपत नाही.

या मार्गाने दिलेला हुकूम यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. तसे झाले की ६० हा आकडा परत येतो. हा क्षणिकपणा मी या व्यवस्थेचा मोठा गुण मानतो. प्रयोग करून पाहण्याची मुभा द्यावी, पण कायमचा निर्णय मात्र निराळी, सावकाश कृती केल्यावाचून होऊ नये, असा विवेक तिच्यात आहे.

आता ज्या आकड्याचे उदाहरण घेतले त्याच्याविषयीच थोडे अधिक बोलतो, कारण गैरसमजाचे इतके दाट जाळे दुसऱ्या कोणत्याही सेटिंगभोवती नाही. ६० म्हणजे स्मृती साठ टक्के भरली की कर्नेल स्वॅपकडे, म्हणजे बाहेर काढलेली पाने ठेवण्याच्या जागेकडे, वळते, असे पुष्कळांना वाटते, आणि तसे अनेक ठिकाणी लिहिलेलेही आढळते. ते खरे नाही. स्मृती मोकळी करण्याची वेळ आली की कर्नेलपुढे मुख्यतः दोन प्रकारची पाने असतात: फाइलींची पाने, जी टाकून दिली तर डिस्कवरून पुन्हा वाचता येतात, आणि प्रक्रियांची स्वतःची पाने, ज्यांना डिस्कवर मूळ घर नसल्यामुळे ती आधी स्वॅपमध्ये ठेवावी लागतात. या दोहोंपैकी कोणाला हात लावणे किती महाग पडेल याचा सापेक्ष अंदाज म्हणजे हा आकडा. १०० म्हणजे दोन्ही सारखीच महाग. त्याहून कमी आकडा म्हणजे स्वॅप अधिक महाग. लिनक्सच्या ५.८ या आवृत्तीपासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो, कारण स्मृतीतच पाने आकुंचित करून ठेवणारा झेडरॅमसारखा स्वॅप असेल तर डिस्कवरील फाइल पुन्हा वाचण्यापेक्षा तोच स्वस्त पडू शकतो. शून्याचा अर्थ तर ३.५ या आवृत्तीत बदलला, आणि ज्यांनी पूर्वी शून्य लिहून ठेवला होता त्यांच्या यंत्रांचे वर्तन आकडा तोच असूनही निराळे झाले. कर्नेलचे एक प्रमुख राखणदार अँड्र्यू मॉर्टन यांनी २००४ साली, आपल्या स्वतःच्या यंत्रावर आपण हा आकडा १०० ठेवतो असे सांगितले, तेव्हा तो शक्य तितका खाली आणण्यात शहाणपण मानणाऱ्यांना नवल वाटले. मॉर्टन यांचा युक्तिवाद सरळ होता: जे पान दिवसभरात कोणी पाहत नाही त्याने महाग स्मृती का अडवून ठेवावी? हा युक्तिवाद सर्वांना पटावा असे माझे म्हणणे नाही. ज्याला दुपारभर न पाहिलेली खिडकी क्षणार्धात समोर हवी आहे त्याचे उत्तर निराळे असेल. परंतु दोन्ही उत्तरांपाशी कारण आहे, आणि ‘सर्व जण १० ठेवतात’ एवढ्यावर विसंबणाऱ्यापाशी ते नाही.

याहूनही बोधप्रद उदाहरण स्मृतीच्या वचनांचे आहे. प्रोग्रॅम स्मृती मागतो तेव्हा कर्नेल ती लगेच देत नाही, देण्याचे वचन देते. प्रोग्रॅमने त्या जागेला प्रत्यक्ष स्पर्श केला म्हणजे पान हाती येते. बहुतेक प्रोग्रॅम मागितलेले सारे वापरत नाहीत, म्हणून कर्नेल आपल्या ऐपतीहून अधिक वचने देऊ शकते. किती द्यावीत हे ‘व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी’ ही सेटिंग ठरवते. ० म्हणजे अंदाजाने, उघडउघड अशक्य मागणी तेवढी नाकारावी. १ म्हणजे मागेल त्याला द्यावे. २ म्हणजे हिशेब ठेवून, स्वॅप आणि प्रत्यक्ष स्मृतीचा ठरलेला हिस्सा यांच्या बेरजेपलीकडे एकही वचन देऊ नये. आता पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या दप्तरात पाहावे तर तेथे २ ची शिफारस आहे, आणि रेडिस या दुसऱ्या डेटाबेसच्या दप्तरात पाहावे तर १ ची. दोन्ही प्रोग्रॅम नामांकित आहेत आणि दोघांचेही म्हणणे यथार्थ आहे. वचने फार झाली आणि सारे एकाच वेळी वसुलीला आले की कर्नेल कोणा तरी प्रक्रियेचा बळी घेऊन आपली सुटका करून घेते. डेटाबेसची मुख्य प्रक्रिया अशी अचानक मारली जाण्यापेक्षा एखादी मागणी आधीच स्पष्ट नाकारली जावी, हे पोस्टग्रेसक्यूएलला हितकर आहे, कारण नकार पचवून पुढे जाण्याची त्याची तयारी असते. रेडिसची गरज उलटी आहे. आपल्या सबंध संग्रहाची नक्कल डिस्कवर उतरवताना ते स्वतःपासून एक अपत्य-प्रक्रिया निर्माण करते. मूळ आणि अपत्य दोघांची पाने सामायिक असतात आणि जे पान बदलेल तेवढ्याचीच खरी प्रत होते. त्यामुळे प्रत्यक्ष गरज थोडी असते, पण कागदावरची मागणी दुप्पट दिसते, आणि काटेकोर हिशेब ठेवणारे कर्नेल ती फेटाळते. ही सेटिंग सबंध यंत्राला एकच असते. एका प्रोग्रॅमपुरती निराळी ठेवता येत नाही. तेव्हा दोघांना एका छपराखाली ठेवायचे असेल तर कोणाचे हित दुय्यम मानायचे हा निर्णय करावा लागतो, नाही तर दोघांना दोन यंत्रे द्यावी लागतात. हा निर्णय कर्नेलचा कर्ता दूर बसून कसा देणार? तो ज्याचे दोन्ही संग्रह आहेत आणि ज्याला दोन्ही हानींची किंमत ठाऊक आहे त्यानेच द्यायचा आहे.

काही आकडे काळाच्या ओघात जागच्या जागी शिळे होतात. डिस्कवर उतरवायच्या राहिलेल्या पानांसाठी कर्नेलमध्ये दोन खुणा आहेत, आणि धरणाच्या भिंतीवरील खुणांसारखेच त्यांचे काम आहे: पहिल्या खुणेला पाणी लागले की सांडव्याचा दरवाजा हळूच उघडायचा, दुसरीला लागले की वरून येणारा ओघच थांबवायचा. पहिली खूण उपलब्ध स्मृतीच्या १० टक्क्यांवर आणि दुसरी २० टक्क्यांवर असते. यंत्राची स्मृती काही शे मेगाबाइट असताना या टक्केवारीत काही वावगे नव्हते. पण २५६ गिगाबाइट स्मृतीच्या सर्व्हरवर २० टक्के म्हणजे सुमारे ५० गिगाबाइट. सेकंदाला १५० मेगाबाइट लिहिणाऱ्या डिस्कला तेवढे उतरवायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ लिहिणारे प्रोग्रॅम ताटकळत राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र आजारी भासते, वास्तविक ते जुन्या टक्केवारीशी इमान राखीत असते. यावर उपाय म्हणून टक्क्यांऐवजी थेट बाइटांत मर्यादा सांगणाऱ्या दोन नव्या सेटिंग्ज पुढे कर्नेलमध्ये आल्या, आणि मोठ्या स्मृतीच्या यंत्रांवर त्याच वापराव्यात असे माझे मत आहे.

जी मुखत्यारी दिली गेली तिचा दुरुपयोगही होतो, आणि त्याचे सर्वांत खेदजनक उदाहरण नेटवर्कच्या दालनातले आहे. टीसीपीची जोडणी बंद झाल्यावर तिची नोंद लिनक्स ६० सेकंद जपून ठेवते, की वाटेत रेंगाळलेले एखादे जुने पाकीट नव्या जोडणीत मिसळू नये. वर्दळीच्या सर्व्हरवर अशा नोंदींची संख्या हजारोंच्या घरात जाते आणि ती पाहून अनुभव कमी असलेला मनुष्य घाबरतो. हे ६० सेकंद बदलण्याची सोय सेटिंग्जमध्ये नाही. ‘टीसीपी_फिन_टाइमआउट’चा मूळ आकडाही ६० असल्यामुळे पुष्कळ जण तीच ती सेटिंग समजून कमी करतात, वस्तुतः तिचा संबंध जोडणी बंद होण्याच्या एका आधीच्या टप्प्याशी आहे. दुसरी एक सेटिंग मात्र खरोखर त्या नोंदी झपाट्याने निकालात काढी: ‘टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल’. तिच्यात १ लिहिला की नोंदी ओसरत, आकडे सुंदर दिसत, आणि म्हणून सर्व्हर वेगवान करण्याच्या कित्येक तयार फाइलींत ती ओळ असे, हातोहात फिरे, आणि एका कार्यालयातून दुसऱ्यात वारशाने जाई. ती काय करीत होती? दूरच्या प्रत्येक पत्त्यासाठी शेवटचा कालशिक्का लक्षात ठेवून, त्याच पत्त्यावरून त्याहून जुन्या शिक्क्याची विनंती आली तर ती काही न सांगता टाकून देत होती. एका पत्त्यामागे एकच यंत्र असेल तर हे चालेल. परंतु एका वसतिगृहातील सारे संगणक, एका मोबाइल कंपनीचे असंख्य फोन, बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात, आणि प्रत्येकाचे घड्याळ निराळे असते. मग एकाच खोलीत बसलेल्या दोघांपैकी एकाला संकेतस्थळ उघडते, दुसऱ्याला उघडत नाही. थोड्या वेळाने उलटे होते. सर्व्हरच्या रोजनाम्यात त्याची स्पष्ट नोंद नसते, कारण विनंती तेथवर पोहोचलेलीच नसते. परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी, तिकीट काढणारा प्रवासी यांना या न उघडणाऱ्या पानाचे कारण कधीच कळले नसेल. लिनक्सने २०१७ साली ४.१२ या आवृत्तीत ही सेटिंगच काढून टाकली, आणि मला त्या निर्णयाबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. ज्यांच्या फाइलींत ती ओळ आजही उरली आहे त्यांना यंत्र सुरू होताना अशी सेटिंग अस्तित्वात नाही एवढा इशारा मिळतो, आणि तो वाचणारा क्वचितच विचारतो की ती येथे कोणी, का लिहिली होती.

सेटिंग्ज काढून टाकल्या जातात त्या दर वेळी अपायामुळेच असे मात्र नाही. सामायिक स्मृतीच्या एका खंडाची कमाल मर्यादा सांगणारी ‘शेममॅक्स’ ही सेटिंग एके काळी डेटाबेस बसवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असे. तिचा मूळ आकडा ३२ मेगाबाइट होता आणि कोणताही बरासा डेटाबेस त्यात मावत नसे. २०१३ साली पोस्टग्रेसक्यूएलने आपल्या ९.३ या आवृत्तीत स्मृती घेण्याची पद्धतच बदलली आणि पुढल्या वर्षी लिनक्सने ती मर्यादा जवळजवळ अमर्याद केली. सेटिंग राहिली, तिचे प्रयोजन गेले. टीसीपीच्या बफरांचेही असेच झाले. पुण्याहून कॅलिफोर्नियातील यंत्राकडे पाकीट जाऊन पोच यायला साधारण पाव सेकंद लागतो असे धरले, आणि पोच येईपर्यंत ६५,५३५ बाइटच पाठवता येतात असे मानले, तर वाहिनी कितीही रुंद असली तरी सेकंदाला २६२ किलोबाइटांच्या वर गती जाऊ शकत नाही. सेकंदाला १०० मेगाबिटांची वाहिनी भरून काढायची तर सुमारे ३.१ मेगाबाइट पाकिटे वाटेत असली पाहिजेत. १९९२ सालच्या आरएफसी १३२३ या दस्तऐवजाने ही मर्यादा, म्हणजे टीसीपीची ‘खिडकी’, वाढवण्याची रीत घालून दिली, आणि पुढे बरीच वर्षे सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळी हा गुणाकार करून बफरांचे आकडे हाताने लिहीत. आता लिनक्स प्रत्येक जोडणीचा वेग आणि विलंब मोजून बफर स्वतः वाढवते. माणसाने फक्त कमाल मर्यादा सांगायची. ज्ञान वाढले तसा प्रश्न मिटला आणि मुखत्यारी सन्मानाने परत घेतली गेली. जे कर्नेल दर पाच वर्षांनी काही सेटिंग्ज निरर्थक करू शकते त्याचे कर्ते आपले काम नीट करीत आहेत असे मी समजतो, आणि कर्नेलमध्ये सेटिंग्जची संख्या जितकी अधिक तितके ते थोर, या समजुतीशी माझा पूर्ण मतभेद आहे.

सेटिंग्जचे अर्थ असे बदलतात आणि प्रयोजने संपतात, म्हणून आकड्यामागचे कारण लिहून ठेवण्याविषयी आता स्पष्टपणे बोलतो. कायमचे करायचे हुकूम ‘/इटीसी/सिसकंट्रोल.डी’ या दालनातील फाइलींत लिहितात. यंत्र सुरू होताना या फाइली, आणि वितरणाने निराळ्या दालनांत ठेवलेल्या अशाच फाइली, नावाच्या वर्णानुक्रमाने वाचल्या जातात आणि एकाच सेटिंगविषयी दोन ओळी असल्या तर शेवटची खरी ठरते. फाइलींच्या नावांआधी १०, ५०, ९९ असे आकडे दिसतात ते याचसाठी. ‘सिसकंट्रोल --सिस्टिम’ ही आज्ञा दिली की सर्व फाइली त्याच क्रमाने पुन्हा लागू होतात आणि कोणती फाइल वाचली हे पडद्यावर उमटते. या फाइलींत ओळीच्या प्रारंभी # ही खूण घातली की पुढचा मजकूर कर्नेलसाठी नसतो, वाचणाऱ्या माणसासाठी असतो. ही खूण वापरण्याची तसदी घेतली जात नाही, ही माझी तक्रार आहे. आकडा बदलण्यापूर्वी काय मोजले, काय आढळले, बदलल्यावर काय झाले, कोणत्या आवृत्तीवर हे पाहिले आणि कोणत्या परिस्थितीत हा आकडा काढून टाकावा, एवढे चार ओळींत मावते. एका वेळी एकच सेटिंग बदलावी, हेही मी आग्रहाने सांगेन, कारण तीस सेटिंग्ज एकदम बदलून यंत्र सुधारले तर श्रेय कोणाला द्यावे आणि बिघडले तर दोष कोणाला, हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही. कर्नेलच्या स्वतःच्या दप्तराचेही वाचन व्हावे. रिक व्हान रील यांनी १९९८-९९ च्या सुमारास या सेटिंग्जचे वर्णन लिहिण्यास प्रारंभ केला आणि पुढे अनेकांनी त्यात भर घातली. ते दप्तर कर्नेलच्या मूळ संहितेबरोबरच सर्वांना खुले आहे, आणि पुष्कळदा एका परिच्छेदातच पसरलेल्या गैरसमजाचे निराकरण तेथे झालेले असते. स्मृतीतील राखीव पाने टाकून देणाऱ्या ‘ड्रॉप_कॅशेस’विषयी, ती राखीव पानांची वाढ आवरण्याचे साधन नाही, असे तेथे निःसंदिग्ध लिहिले आहे, तरीही ती आज्ञा दर तासाला चालवणारी यंत्रे आजही आढळतात.

सरतेशेवटी अशा सेटिंग्जविषयी सांगतो ज्यांत मुखत्यारी एकदाच वापरता येते. ४.४ बीएसडीने सिसकंट्रोलबरोबर ‘सिक्युअरलेव्हल’ नावाची एक पायरी आणली. यंत्र चालू असताना ही पायरी वर नेता येते, पण साध्या रूटला ती खाली आणता येत नाही. हेतू असा की घुसखोराने रूटचा अधिकार मिळवला तरी काही दारे त्याला बंदच राहावीत. लिनक्समध्ये याच जातीची ‘कर्नेल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ ही सेटिंग आहे. तिच्यात १ लिहिला की त्यानंतर कोणतेही मॉड्यूल, म्हणजे चालत्या कर्नेलला जोडता येणारा सुटा भाग, कर्नेलमध्ये भरता येत नाही आणि काढताही येत नाही, आणि तिच्यात पुन्हा ० लिहू पाहणाऱ्या रूटलाही नकार मिळतो. यंत्र पुन्हा सुरू केल्यावाचून दुसरा उपाय नाही. दुसऱ्या प्रक्रियेची स्मृती न्याहाळण्यावर बंधन घालणाऱ्या, लिनक्सच्या यामा या सुरक्षा-घटकाच्या ‘पीट्रेस_स्कोप’मध्ये ३ लिहिल्यावरही हेच होते. अशी सेटिंग इतर ओळींबरोबर ‘सिसकंट्रोल.डी’मध्ये टाकून देण्याची चूक मात्र करू नये. त्या फाइली यंत्र सुरू होण्याच्या प्रारंभीच्या टप्प्यात वाचल्या जातात. तेव्हा पुष्कळशी मॉड्यूले अजून भरलेली नसतात, आणि दार अकाली बंद झाले तर एखाद्या नेटवर्क कार्डाचे, फायरवॉलच्या एखाद्या नियमाचे किंवा निराळ्या फाइल सिस्टिमचे मॉड्यूल बाहेरच राहते. ‘एलएसमॉड’ने आधी यादी काढावी, त्या यंत्राला वर्षभरात लागू शकेल असे प्रत्येक मॉड्यूल, बॅकअपसाठी महिन्यातून एकदा जोडल्या जाणाऱ्या यूएसबी डिस्कचेसुद्धा, तिच्यात आहे याची खात्री करावी, आणि सर्व सेवा उभ्या राहिल्यानंतर चालणारी एक स्वतंत्र सेवा लिहून तिच्यात ही एक ओळ, आपल्या कारणासह, ठेवावी.